क्लच दाबून दाखव

मोटरसायकलवरून पडलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो, तर उठतो. दुसरी, आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं तर नाही ना. तिसरी, गाडी उचलायला धावतो. आपल्याला काय लागलंय हे बघायचा नंबर त्यानंतर कधीतरी लागतो, आणि तोवर "काही नाही, काही नाही, ठीक आहे" हे सगळ्यांना सांगून झालेलं असतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही "काही नाही"वाली माणसं मला एरवी रस्त्यावर भेटत नाहीत, काही आठवड्यांनी क्लिनिकमध्ये भेटतात, मूठ वळत नाही म्हणून. हा एक रस्त्यावरच भेटला.

घाटातला उतार, डावं वळण. माझ्यापुढे बऱ्यापैकी अंतर ठेवून एक मुलगा चालला होता. वेग चाळीसच्या आसपास असेल, बेफाम वगैरे अजिबात नव्हता. वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी पसरलेली होती. मोठ्या गाड्या वळतात तेव्हा त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, कडेच्या मातीवर चढतात आणि तिथली खडी डांबरावर ओढून आणतात. म्हणजे जिथून वळण कापायचा मोह होतो, नेमकी तिथेच ती असते. त्याला खडी दिसली आणि त्याने पुढचा ब्रेक दाबला. गाडी कललेली असताना खडीवर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सुटतं आणि गाडी कललेल्या बाजूलाच आडवी होते. तसंच झालं. पडायचंच असेल तर ही त्यातल्या त्यात बरी रीत. मागचं चाक घसरून एकदम पुन्हा पकड घेतं तेव्हा गाडी माणसाला वर उडवून पलीकडे फेकते, आणि त्यात मोडतोड फार होते. हा कमी उंचीवरून खाली आला आणि गाडीच्या मागोमाग घसरत जाऊन थांबला.

मी गाडी वळणाच्या अलीकडेच, कडेला लावली आणि इंडिकेटर चालू ठेवला. त्याच्या शेजारी नेऊन लावली असती तर वळणातून येणाऱ्याला आम्ही दोघंही शेवटच्या क्षणी दिसलो असतो. मदतीला गेलेल्यालाच मागून कोणीतरी ठोकलं, हा प्रकार दुर्मीळ नाही.

मी पोचेपर्यंत हा उठून हँडल धरून गाडी खेचत होता. इंजिन बंद पडलं होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, तो इंजिन बंद करतो. पण किल्ली चालूच होती, दिवा जळत होता आणि टाकीच्या झाकणाकडून पेट्रोल थेंबथेंब गळत होतं. मी आधी किल्ली फिरवली आणि काढून खिशात टाकली. ही किल्ली पुढे फार उपयोगी पडली.

"दादा, जरा हात लावा ना, उचलू या."

मी हेल्मेटची काच वर केली. "सॉरी, काकू."

"गाडी राहू दे. आधी इकडे कठड्यावर बस."

"नाही काकू, काही नाही झालं. मित्र पुढे गेलेत, थांबले असतील."

हे खरं कारण. मित्र पुढे थांबलेत, ते परत फिरून येतील, आपल्याला असं बघतील. मला वाटतं, छोट्या अपघातात पडलेल्याला सगळ्यात मोठा धोका असतो तो त्याच्या या घाईचा. शरीराने त्या क्षणी रक्तात अॅड्रेनलिन ओतलेलं असतं. काळीज धडधडत असतं, स्नायू तयार असतात, दुखणं दबलेलं असतं. त्या भरात माणूस मोडलेल्या हाडावर चालतो, गाडी उचलतो, किक मारतो, निघूनही जातो, आणि मैलभर पुढे गेल्यावर हात थरथरायला लागतात. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याला कुठेही जाऊ न देणं, ही निम्मी मदत झाली. बाकीचं मग आरामात करता येतं.

तोपर्यंत तीन-चार गाड्या थांबल्या होत्या. गर्दी जमते आणि कोणीच काही करत नाही, याला आपण माणुसकी आटली म्हणतो. मला ते पटत नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून एकाला फिटचा झटका येत असल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातल्या 85 टक्क्यांनी झटका संपायच्या आत मदत मागितली. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हा आकडा 31 टक्क्यांवर आला. ही माणसं निर्दय नव्हती, उलट काय करावं या विचाराने अस्वस्थ झालेली होती. "दुसरं कोणी बघेल" म्हणून जबाबदारी वाटली गेली, इतकंच. त्यामुळे गर्दीला उद्देशून "अरे कोणीतरी मागच्या गाड्यांना थांबवा" असं ओरडायचं नाही. एका माणसाच्या डोळ्यांत बघून त्याला काम द्यायचं.

"निळा शर्ट, तुम्ही. तुमचा टेम्पो आहे ना? वळणाच्या वरच्या बाजूला जाऊन उभे राहा, रस्त्यावर नाही, कडेला. हे घ्या, हे हलवत राहा." मी माझं पिवळं चमकतं जॅकेट त्यांना दिलं. ते लगेच गेले, आणि शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या दिवसाचे खरे हिरो तेच. मी नुसती बडबड करत होते.

एक गृहस्थ मात्र खाली बसून मुलाचा डावा हात हातात घेऊन म्हणाले, "मनगट सरकलंय, एक झटका दिला की बसेल." मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की तेही दचकले आणि मुलगाही. सरकलंय की मोडलंय हे रस्त्यावर कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. त्यांना मी मोबाईलवर गाडीचे आणि खडीचे फोटो काढायला सांगितलं. विम्याला लागतात, आणि हातांना काम राहतं.

मग हेल्मेट. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढायची सगळ्यांना फार हौस. माणूस बेशुद्ध असेल किंवा मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात म्हणत असेल, तर आपण हेल्मेटला हात लावायचा नाही. काच वर करायची, श्वास चालू आहे का बघायचं, डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं आणि अँब्युलन्स बोलवायची. श्वासच घेता येत नसेल तर काढावं लागतं, पण तेव्हाही दोन माणसं लागतात: एक जण मान आणि जबडा धरून ठेवतो, दुसरा हेल्मेट हळूहळू सोडवतो. या मुलाची मान दुखत नव्हती, बोटं सगळी हलत होती, पायांना स्पर्श कळत होता. त्यालाच म्हटलं, तुझं तू काढ, सावकाश. उजव्या हाताने पट्टा सोडवून त्याने ते काढलं. डाव्या बाजूला कानाच्या वर, तळहात बसेल एवढा भाग घासला गेला होता.

एक बारीकसं विषयांतर करते. 1935 साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ज्याला लोक 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणतात तो ब्रिटिश लष्करी अधिकारी, मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. काही दिवस बेशुद्ध राहून तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण न्यूरोसर्जन होता. केर्न्सने नंतर लष्कराच्या निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि 1941 साली हेल्मेटबद्दल लेख लिहिला. आज आपण डोक्यात घालतो त्यामागच्या शास्त्राची सुरुवात बरीचशी तिथली. लॉरेन्सला तो वाचवू शकला नाही, पण कठड्यावर बसलेल्या या पोराच्या कानावरचा ओरखडा हेल्मेटवर राहिला, कवटीवर आला नाही.

तर आता प्रश्न. नाव काय, आज वार कोणता, कुठून निघालास, कुठे चाललायस. उगाच गप्पा वाटाव्यात असे. माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजायला हॉस्पिटलांत 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात, टीसडेल आणि जेनेट या दोघांनी 1974 साली मांडलेली. डोळे कशाने उघडतात, बोलणं सुसंगत आहे का, सांगितल्याप्रमाणे हालचाल करतो का, या तीन गोष्टींना गुण. रस्त्यावर गुण मोजायची गरज नाही, पण या तीन गोष्टींकडे लक्ष असावं. तो सगळी उत्तरं बरोबर देत होता. मग त्याने विचारलं, "गाडी चालू होती का हो, पडली तेव्हा?" मी म्हटलं, बंद पडली होती, किल्ली माझ्याकडे आहे. पोटात दुखतंय का हे मी विचारलं, कारण हँडलचं टोक पोटात घुसलं की आतला मार वरून दिसत नाही. नाही म्हणाला. उलटीसारखं होतंय का? नाही. मग पुन्हा, "गाडी चालू होती का?" मी तेच उत्तर दिलं. कोपराची जखम धुवून होईपर्यंत त्याने ते परत विचारलं.

हे मला आवडलं नाही. ब्रेक दाबल्याचं त्याला आठवत होतं, हँडल खेचत असल्याचं आठवत होतं, मधलं नव्हतं. उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं आणि मधलाच तुकडा गाळला जाणं, ही मेंदूला हादरा बसल्याची खूण. बहुतेक वेळा विश्रांतीने ठीक होतं. पण कवटीच्या आत हळूहळू रक्त साचणारा एक प्रकार असतो, त्यात माणूस आधी काही वेळ अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून अशा माणसाने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एकटं झोपायचं नाही, आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत विषय संपवायचा नाही.

हे त्याला पटणार नव्हतं, हे उघड होतं. पोरगं बावीस-तेवीसचं. "काकू, डोकं दुखत पण नाहीये." मग मी डोक्याचा विषय सोडला आणि म्हटलं, "बरं. क्लच दाबून दाखव."

गाडी अजून आडवीच होती, म्हणून मी माझा हात पुढे केला. "ही लिव्हर समज. चार बोटांनी धर आणि दाब."

त्याने दाबायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडलं. चेहरा पांढरा. मी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर मनगटावर जो खळगा पडतो, तिथे बोट टेकवलं. नुसतं टेकवलं. "आई गं."

तिथे खाली काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. हात टेकून पडल्यावर मोडणाऱ्या हाडांतलं हे नेहमीचं, आणि फार फसवं. मनगट फारसं सुजत नाही, वाकडं दिसत नाही, पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी भेगही दिसत नाही. "मुरगळलंय" म्हणून माणूस सोडून देतो. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने आत शिरतो, त्यामुळे मधोमध मोडलं की कोपराकडच्या अर्ध्या भागाला रक्त कमी पडतं आणि ते जुळता जुळत नाही. त्या खळग्यात दुखतंय म्हणजे मोडलंच आहे असं नाही, पण मोडलंय असं धरून चालायचं असतं. माझ्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या "मूठ वळत नाही"वाल्यांत याचे मानकरी बरेच असतात. मी त्याच्या हातमोज्याचा तळवा फाटलेला दाखवला. हातमोजा नसता तर तळहाताची साल गेली असती, पण हाडाला बसायचा धक्का हातमोज्याने थांबत नाही.

एका मासिकाची गुंडाळी हाताखाली घेऊन क्रेप बँडेज बांधलं, सैलसर, बोटांची टोकं दिसतील असं. हात झोळी करून गळ्यात अडकवला. पुढच्या उताराला क्लच कसा दाबणार, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. डोक्याबद्दल मी कितीही सांगितलं असतं तरी त्याने वाद घातला असता. क्लचबद्दल वाद घालता येत नाही.

आता गाडी. मला गाडी दुरुस्त करायची घाई नव्हती, पण तो सारखा तिच्याकडेच बघत होता. डोळ्यांसमोर गाडी आडवी असेपर्यंत कोणताही चालक स्वस्थ बसत नाही. उचलली, तेव्हा त्याचे खांदे खाली आले.

ती डाव्या अंगावर पडली होती आणि साइड स्टँडही डावीकडेच, म्हणजे खालीच. उजवीकडे पडलेली असली तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवता येतो. इथे ती सोय नव्हती. गियरमध्ये आहे ना ते बघितलं, म्हणजे घरंगळणार नाही. हँडल पूर्ण वळवून, सीटला कंबर टेकवून, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने मागे रेटत उचलायची. पावणेदोनशे किलो कंबरेतून उचलायला गेलं की दुसरा पेशंट तयार. फोटोवाले गृहस्थ समोर उभे राहिले, गाडी पलीकडे जाऊ नये म्हणून. मग पायाने स्टँड काढला.

चाक सरळ आणि हँडल उजवीकडे वळलेलं, असं दिसत होतं. बघणारे म्हणाले, चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, वाकला. बहुतेकदा वाकलेला नसतो, क्लॅम्पमध्ये नुसता पिळलेला असतो. बोल्ट थोडे सैल केले, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हँडलला झटका दिला; दोनदा करावं लागलं, मग बोल्ट पुन्हा आवळले. गियरचा दांडा आत दबून इंजिनच्या कव्हरला टेकला होता. तो पाना अडकवून, सावकाश, थोडा थोडा बाहेर काढला, कारण घाईने ओढला की तुटतो. क्लचच्या लिव्हरचं टोक मोडलं होतं, पण दोन बोटांपुरती लिव्हर शिल्लक होती. लोंबणारा इंडिकेटर चिकटपट्टीने बांधला. पुढचा ब्रेक दाबून पाहिला, सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय ना ते पाहिलं, खाली तेल गळलेलं नाही ना ते पाहिलं. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावरच इंजिन सुरू झालं. त्या सेन्सरवाल्या गाड्यांचं असं असतं, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लोक उगाच स्टार्टर मारून बॅटरी उतरवतात.

इंजिन चालू झाल्यावर तो हसला. मी ते बंद केलं आणि किल्ली पुन्हा खिशात.

"घरी फोन कर."

"बाबांना नको."

"मग कोणाला?"

"ताईला."

अशा वेळी फोन दुसऱ्याने लावू नये असं माझं मत आहे. अनोळखी आवाजात "तुमच्या भावाचा अपघात झालाय" ऐकलं की पुढचं काही डोक्यात शिरत नाही. आधी त्याने बोलायचं, आवाज ऐकू द्यायचा. मग फोन आपण घ्यायचा आणि फक्त कामाचं सांगायचं: कुठे आहोत, काय दुखतंय, कोण सोबत आहे, गाडी घेऊन या, दुचाकी नको. त्याच्या ताईने एकच प्रश्न विचारला, "तो ठीक आहे असं तो म्हणतोय की तुम्ही?" मी म्हटलं, तो. ती म्हणाली, "निघते." भाऊ तिला चांगला ठाऊक होता.

मित्र परत आले ते ताईच्या आधी. घाबरले होते बिचारे; हसलं कोणीच नाही. तोवर याला थंडी वाजायला लागली होती, दात वाजत होते. अॅड्रेनलिन उतरलं की असं होतं. एकाचं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं. दुसऱ्याला मी गाडीची किल्ली दिली आणि क्लच दोन बोटांचा आहे, उतारावर सांभाळ, असं बजावलं. तिसऱ्याला खडी बाजूला सारायला लावली. टेम्पोवाल्यांनी जॅकेट घडी घालून परत दिलं आणि आभार मानायच्या आत निघून गेले.

सीटी स्कॅन ठीक आला. मनगटाच्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावलं. त्या दुसऱ्या एक्स-रेमध्ये बारीक भेग दिसली. हे सगळं त्याने मेसेजवर कळवलं, आणि सोबत हेल्मेटचा फोटो: "काकू, नुसता ओरखडा आहे, वापरू ना?"

नाही. कवचाच्या आत थर्मोकोलसारखा जो थर असतो तो एकदाच दबतो. दबून धक्का स्वतःवर घेणं हेच त्याचं काम, आणि दबला की तो पुन्हा फुगत नाही. बाहेरून ते दिसतही नाही. त्याने थोडी घासाघीस केली. महाग आहे, नवीनच होतं, वगैरे. मी म्हटलं, टाकून दे, आणि टाकताना हनुवटीचा पट्टा कापून टाक, नाहीतर कोणीतरी उचलून घालेल. संध्याकाळी कापलेल्या पट्ट्याचा फोटो आला. त्याखाली, नवं कोणत्या रंगाचं घेऊ? मी पिवळं सांगितलं, लांबून दिसतं म्हणून.

त्याने काळं घेतलं.